सतरा नंबरचा थकवा

"माणूस डॉक्टरशी खोटं बोलतो, बायकोशी खोटं बोलतो, फार काय, आरशाशीसुद्धा खोटं बोलतो. पण यंत्राशी तो खोटं बोलूच शकत नाही!"

मोठ्या डॉक्टरांनी टेबलावर मूठ आपटून हे जाहीर केलं आणि लगेच बसल्या जागी डावा हात जोरजोरात हलवायला सुरुवात केली. त्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ होतं. दिवसाची दहा हजार पावलं जेवणाआधी पुरी व्हायची होती.

समोर बसलेल्या ताईंनी नुसती मान डोलावली. बोलायलाही ताकद लागते. हात थरथरण्यावरच्या एका नव्या औषधाची इस्पितळात चाचणी चालू होती आणि चाळीस रुग्ण सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. सांभाळायचं म्हणजे कागद भरायचे. विचारपूस यंत्र करायचं. रोज दुपारी ते एकेकाला ठरल्या वेळी फोन करी, झोप कशी, भूक कशी, थकवा दहापैकी किती, असं मायेनं विचारी आणि सगळ्याचा दोन ओळींत सारांश काढी. आवाज इतका लाघवी, की इस्पितळात त्याचं नाव 'गोडबोली' पडलं होतं. रुग्णाची गुप्तता म्हणून बोलणं साठवायचं नाही, असा नियम होता. त्यामुळे सारांश वाचणारे पुष्कळ होते, ऐकणारं कुणीच नव्हतं.

"हा सतरा नंबर बघा," डॉक्टर हात न थांबवता म्हणाले. "औषध सुरू झाल्यापासून थकवा चारावरून नवावर. झोप तीन तास. गुडघे धरलेले. फार वेळ उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी."

"पण सर, दर महिन्याला तपासणीला येतात ते ठणठणीत असतात. मागच्या वेळी तर जिन्यानं आले."

"तुमच्यापुढे शूर होतात हो. सलग पंधरा दिवस थकवा आठाच्या वर म्हणजे त्या रुग्णाचं औषध बंद. नियम आहे. आज घरी जा, खात्री करा आणि सही घेऊन या."

ताईंचा स्वतःचा थकवा त्या दिवशी साताच्या आसपास असावा. पण त्यांना कुणी फोन करत नसे.

सतरा नंबर म्हणजे शिंपीकाका. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. चाचणीआधी हात असे थरथरायचे, की सुईत दोरा ओवता ओवता सकाळ संपायची. दोन वर्षं शिवणयंत्रावर चादर होती आणि काका खिडकीशी गप्प बसून होते.

ताई पोचल्या तेव्हा काका शिडीवर उभे राहून वरच्या फळीवरचं कापडाचं ठाण ओढत होते.

"या या! अगं ए, इस्पितळातल्या ताई आल्यात. चहा टाक!"

"टाकते," आतून काकूंचा आवाज आला. इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज त्यामागून आला.

"काका, थकवा वाटतो का हो?"

"मला?" काका तरुण पोरासारखे शिडीवरून उतरले. "पहाटे चारला मशीनवर बसतो. या आठवड्यात अकरा गणवेश झाले. हे बघा." त्यांनी सुई उचलली आणि पहिल्याच झटक्यात दोरा ओवला. "दोन वर्षं हे जमत नव्हतं. अगं, बटणं झाली का लावून?"

"लावतेय."

"आणि तो कोट?"

"सकाळीच पोचवून आले."

"झोप लागते?" ताईंनी विचारलं.

"पडलो की डाराडूर!"

ताईंना वाईट वाटलं. चांगल्या माणसाचं खोटं ऐकणं फार जड जातं. "काका, माझ्यापाशी लपवू नका."

"अहो, लपवायला आहे काय?"

ताईंनी कागदावर लिहिलं: रुग्ण लक्षणं लपवतो. मग कागद पुढे सरकवला. "इथं सही करा. उद्यापासून गोळी बंद."

काकांचा चेहरा उतरला. "बंद? मग हे हात?"

"पूर्वीसारखे होतील. पण जिवाला धोका नको. यंत्राच्या नोंदी चांगल्या नाहीत."

"माझ्या अंगाचं माप माझ्यापेक्षा त्या यंत्राला जास्त ठाऊक?"

काकू चहा घेऊन आल्या. कप ठेवून त्यांनी एका हातानं दाराची चौकट धरली.

"बसा ना, काकू."

"नको. मागे बटणं पडलीयेत."

काकांनी शिवणयंत्राकडे एकदा पाहिलं आणि पेन घेतलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा हात थरथरला. ताईंनी तीही नोंद करून घेतली.

सही निम्मी झाली होती, तेवढ्यात साडेचार वाजले आणि आतल्या खोलीत फोन खणखणला. ताई सावरून बसल्या. आता काका उठतील, आत जाऊन दार लोटतील आणि मनातलं सगळं गोडबोलीपुढे ओततील. ताईंनी कान दिला.

काका जागचे हलले नाहीत. मान न वळवता म्हणाले, "अगं, तुझ्या मैत्रिणीचा फोन."

काकूंनी पदराला हात पुसले, आत जाऊन फोन उचलला आणि गुडघ्यावर हात दाबत हळूच स्टुलावर टेकल्या. ताई आल्यापासून त्या पहिल्यांदाच बसत होत्या.

"हो गं, मीच. झोप कुठली, तीनच तास. थकवा आजही नऊच लिही. आणि उद्यापासून अर्धा तास उशिरा फोन कर हं बाई, साडेचारला यांना ती इस्पितळाची गोळी द्यायची असते."