पहिला धडा

डिजिटल फॉरेन्सिक्सच्या एम.एस्सी.साठी मला दोन कॉलेजांत प्रवेश मिळाला होता. घराजवळच्या कॉलेजात मुख्यतः पुराव्याचा कायदा शिकवणार होते, आणि लांबच्या कॉलेजात फोनमधलं पुसलेलं सगळं परत कसं आणायचं ते.

"मी लांबचंच घेणार," काल जेवताना मी जाहीर केलं. "आईच्या फोनवरच आधी हात साफ करते."

दोन वर्षांपूर्वी आई जिन्यावरून पडून गेली, तेव्हा तिचा फोन आतून पार पुसलेला निघाला. तेव्हापासून तो कपाटात, तिच्या शालीत गुंडाळून ठेवलेला.

बाबांनी ताट सरकवलं. "काही नको तसलं खूळ. गेलेल्या माणसाचं उकरून काय मिळणार आहे?"

मावशी मात्र माझ्या बाजूने होती. आई गेल्यापासून आमचं घर तीच सांभाळते. "शिकू द्या हो तिला. आईचं नाव काढेल पोरगी."

आज सकाळी मावशी माझ्या खोलीत आली. तिच्या हातातल्या आईच्या फोनमधून साबणाचं पाणी गळत होतं.

"घात झाला गं! शाल भिजत घातली, तर आत हा! मला मेलीला काय माहीत?"

"असू दे मावशी," मी म्हटलं. "तू काय मुद्दाम केलंस?"

***

दोन्ही कॉलेजांच्या माहितीपत्रकात पहिला धडा एकच आहे: आधी मूळ फोनची, पुसलेल्या भागासकट, हुबेहूब प्रत काढून ठेवायची. ती मी आठवड्यापूर्वीच काढली होती. काल जेवताना मला फक्त बघायचं होतं, फोनला हात कोण लावतं.