दिव्याभवतीचं कडं

सांगवीच्या गेणूची बायको बनाबाई तिन्हीसांजेला दिवा लावायला गेली आणि एकाएकी डोकं धरून खालीच बसली. उजवा डोळा लालबुंद झाला होता. ती भडाभडा ओकली आणि कण्हत म्हणाली, "दिव्याभवती रंगीत कडं दिसतंय, इंद्रधनुष्यावानी."

सासूनं लगोलग तिचा मळवट भरला. "देवी आली गं माझ्या सुनंच्या अंगात!"

सारी आळी लोटली. बायका ओट्या भरायला लागल्या, पायावर डोकं ठेवून पाटाला पाणी कधी सुटंल ते विचारायला लागल्या. बनाबाईचं एकच उत्तर होतं, "डोकं फुटतंय वो आत्याबाई." गेणूही हात जोडून उभा होता.

दोन दिवसांनी देवी बोलायचीच थांबली, तेव्हा त्यानं गाडी जुंपून बायकोला बारामतीला नेलं. डॉक्टरांनी मिटल्या पापणीवरून डोळा चाचपला. तो गोटीसारखा टणक लागला.

"हिला दिव्याभोवती रंगीत कडं दिसलं होतं का?"

"व्हय."

"काचबिंदूचा झटका होता तो. कडं दिसलं तेव्हाच आणायला हवं होतं. हा डोळा गेला. आता दुसऱ्याला जपा."

गेणूनं मान हलवली.

दिवाळीत अंगणात पणत्या लावता लावता बनाबाईचा हात थांबला. ती गेणूच्या कानाशी आली.

 

"डाव्या डोळ्याला कडं दिसतंय. आत्याबाईस्नी सांगू नका, आदी गाडी जुंपा."