मारिअम्मेला बोललेला गूळ

पोट लहान करायचं ऑपरेशन करून रघुरामराव चेन्नईहून तंजावूरला परतले, तर वेंकूबाईंनी दारातच सांगून टाकलं, "ऑपरेशन सुखरूप व्हावं म्हणून पुन्नैनल्लूरच्या मारिअम्मेला तुमच्या वजनावर गुळाचा नवस बोललेय."

एका पारड्यात आपण आणि दुसऱ्यात गूळ, हे चित्र डोळ्यांपुढं येताच दीडशे किलोंचे रघुरामराव मटकन खाली बसले. पाहुणा उठला की पंखा बंद करणारा माणूस तो! "फेडू सावकाश," ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी डॉक्टरांचा शब्द खाली पडू दिला नाही. वाटीभर रसमभात तासभर चघळला. मोपेड झाकून ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ राजवाड्याला फेऱ्या घातल्या. लग्नाच्या पंगतीत पायसम आलं की पानावर हात आडवा. लोक तोंडात बोटं घालत. वेंकूबाई तेवढ्या म्हणत, "आणखी थोडं चाला, मग जाऊ देवळात."

दीड वर्षानं काटा सत्तरावर आला, तेव्हा रघुरामराव ऐटीत देवळात शिरले. तिथं गुळाच्या ढेपांची रास लागली होती.

"अय्यो, किती हा गूळ?"

"ऐंशी किलो."

"अगं, मी सत्तरच किलोंचा उरलोय!"

"आणि उतरलात किती? मी उतरेल तेवढ्या वजनाचा गूळ बोलले होते."

रघुरामरावांचा हात खिशाकडे गेला. "मग हे आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं असतं, तर एक पाऊल तरी उचललं असतंत?"