ड्रमरची आई

नव्या अल्बमचं सगळीकडे कौतुक चाललं होतं, पण गाणी लिहिणाऱ्या-गाणाऱ्या त्या पोराच्या जिवाला चैन नव्हतं. बँडमधला त्याचा जिवलग मित्र, ड्रमर, रेकॉर्डिंग संपताच अपघातात गेला होता. शेवटी मन घट्ट करून तो मित्राच्या आईकडे गेला.

"काकू, हे गाणं त्याला फार आवडायचं," म्हणत त्याने हेडफोन तिच्या कानांवर अलगद बसवला.

गाणं सुरू होतंय न होतंय तोच काकूंनी त्याचा हात गच्च धरला. त्याने घाईघाईने बंद केलं.

"त्रास होतोय का काकू? नको ऐकूया."



"गाणं नंतर ऐकते रे. आधी तो 'एक, दोन, तीन, चार' म्हणाला ना, तेवढंच परत लाव."