कुंभारआळीतला पूल

पराग देवस्थळीने पडद्यावर पुलाचा आणखी एक खांब ठेवला आणि कुंभारआळीच्या तोंडाशी उभं असलेलं खोदयंत्र हातभर पुढे आलं. सगुणाने आपल्या पडद्यावर तो खांब पुसला. यंत्र मागे सरलं. दोघांपैकी एक खेळ सोडून उठेपर्यंत हे असंच चालायचं. उरेल त्याचा नकाशा शहराला लागू.

"ताई, दहा दिवस झाले," परागचा आवाज कानात आला. "तुम्ही तो बेटावर गाव वसवायचा खेळ घ्या ना. झाडं लावा, कोंबड्या पाळा. छान वेळ जातो."

"कोंबड्या आहेत माझ्याकडे."

"मग वाळवंटातलं शहर घ्या. नुसत्या विहिरी खणायच्या. बायकांना आवडतो."

"मी एक सुचवू, साहेब? चंद्रावर नगर बांधायचा खेळ आहे. तिथे माणूसच नसतो. तुमच्या हाताला शोभेल."

पराग हसला नाही. त्याने एकदम तीन खांब ठेवले. यंत्र अंगणात घुसलं. उन्हाला ठेवलेली ओली मडकी, कालच थापटून गोल केलेली, त्याच्याखाली चिखल झाली. सगुणाने खांब पुसले. यंत्र मागे गेलं. मडकी काही उठली नाहीत.

"बघा, उगाच नुकसान. बंद करा आता आणि घरी जा."

"मी घरीच बसलेय," सगुणा म्हणाली.

नकाशात प्रत्येक घरावर मालकाचं नाव होतं. तिने नदीपलीकडे देवस्थळींचं घर शोधलं आणि दहा दिवसांतला आपला पहिला खांब त्यांच्या अंगणात ठेवला.