गुरवांचा सिंथेसायझर

उजव्या हातानं डावा हात उचलून गुरवांनी तो मांडीवर ठेवला आणि ते आपल्या जुन्या सिंथेसायझरसमोर बसले. ऑर्केस्ट्रात चाळीस वर्षं त्यांनी हाच वाजवला होता. उजव्या हातानं सूर वाजवायचे आणि डाव्या हातानं बटणं फिरवून आवाजाचा रंग बदलायचा. अर्धांगवायूनंतर दोन वर्षं सिंथेसायझर चादरीखाली पडून होता.

"याच्या पोटात काय काय घातलंस?" त्यांनी धास्तीनं विचारलं.

"याच्या मूळ आवाजाला मी धक्काही लावलेला नाही, काका," दुरुस्ती करणारी रेहाना म्हणाली. "फक्त तुमचे आवडते आवाज आता त्याच्या लक्षात राहतात. आणि डाव्या हाताचं काम खालच्या या दोन पेडलांवर आलंय. वाजवून तर बघा."

त्यांनी एक सूर धरला. तोच जुना, किंचित थरथरणारा, उबदार आवाज आला. मग त्यांनी भीत भीत पेडल दाबलं. सूर हळूहळू उघडत गेला. बासरीसारखा होता, तो सनईसारखा झाला. उजवा हात पुढची ओळ घेऊन निघाला आणि पाय त्याला साथ देऊ लागला. गाणं संपेपर्यंत ते थांबले नाहीत.

रेहानानं पाण्याचा ग्लास पुढे केला. तो घ्यायचंही त्यांना सुचलं नाही.

"हात गेल्यावर सगळे म्हणाले, आता आराम करा," ते म्हणाले. "उजवा पाय चालतो ना, असं विचारणारी तू एकटीच, पोरी."