वाटणीतलं उखळ

दोन मुसळं खांद्यावर आणि धानाची टोपली कमरेवर घेऊन सत्यभामाबाई धाकट्या जावेच्या फाटकाशी उभी राहिली. दोन्ही घरांच्या मधे एकच भिंत, पण भिंतीला दार नाही. ती रस्त्यानं फिरून आली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

विमलाबाई अंगणात भांडी घासत होती. तिनं वर पाहिलं. राखेचा हात तसाच राहिला.

"उखळ पायजे होतं."

"अथीच हाये. जाते कुठं थे?"

उखळ दगडाचं, जमिनीत पुरलेलं. वाटण्या झाल्या तेव्हा भिंत त्याच्या एका बाजूनं गेली आणि ते विमलाबाईकडे राहिलं. मग पंच म्हणाले, बरोबरी व्हावी म्हणून मुसळं थोरलीला. दोन्ही. तेव्हापासून एक मुसळ वालाच्या मांडवाला टेकू होतं आणि दुसरं रात्री दाराला आडवं लागायचं. इकडे उखळात पाणी साचायचं आणि चिमण्या त्यात आंघोळ करायच्या.

"आज काहून आठवलं?"

सत्यभामाबाईनं पोलक्यातून कागद काढला. भंडाऱ्याच्या दवाखान्यातला. दोघींनाही वाचता येत नव्हतं, पण सुनेनं, तृप्तीनं, इतक्यांदा वाचून दाखवला होता की तिला पाठ होता.

पांढरा भात बंद.
हातसडीचा तांदूळ, एक वाटी.
रोज चालणे.

"यायले शुगर निघाली. तीन हप्ते झाले. पोळी पुढं ठेवली का तोंड फिरवते. अर्धी खाते अन खाटेवर जाऊन पडते. चाला म्हटलं तं म्हणते, कोनासाठी चालू?" तिनं कागद घडी करून पोलक्यात ठेवला. "धोतर कमरेवर राहून नाई राहिलं, इमला."

"विकत भेटते म्हणे तसा तांदूळ."

"आनला तृप्तीनं. पुठ्ठ्याचा वास येते म्हणते. मंग काल तिनं धान मिक्सरमधे टाकलं."

"मिक्सरमधे?"

"टरफलासगट पीठ."

विमलाबाई हसली नाही. फक्त हात तोंडावर नेला, आणि तिच्या ओठावर राखेची मिशी उमटली.

"मी काही उखळ डोक्यावर घेऊन बसली नाई. कांडा."

"एकटीच्यानं नाई होत आता. चार घाव मारले का दम लागते."

विमलाबाईनं हात धुतले. उखळातलं पाणी उपसलं, फडक्यानं आतून कोरडं केलं, पुन्हा केलं. मग टोपलीतले चार दाणे तळहातावर घेऊन वाण ओळखायला नाकाशी नेले.

"लुचई?"

"वावरातल्या एका बांधीत लावतो अजून."

तिनं एक मुसळ उचललं.

दोघींनी कांडायचं तर एकीचं वर, एकीचं खाली. बोलायचाही नियम होता: जिचं मुसळ वर, तिनं बोलायचं. आणि जी ताल चुकेल तिच्या ताटात त्या दिवशी कण्या. सोळाव्या वर्षी या घरात आलेल्या विमलाबाईनं पहिलं वर्षभर कण्याच खाल्ल्या होत्या. मुसळ तेव्हा तिच्याहून उंच होतं.

"बाई, गुडघे कसे—"

धप्प.

"दुखते. तुये?"

धप्प.

"दोनी."

धप्प.

"तुयी खुशी—"

धप्प.

"लाखनीले दिली. पोरगा हाये तिले."

धप्प.

"आयकलं मी."

धप्प.

"बारशाले वाट पायली तुमची."

धप्प.

धप्प.

धप्प.

टरफल सुटू लागलं. कोंड्याचा वास उठला, गोडसर, किंचित तुपकट. याच वासाला एके काळी घरातली सगळी पोरं उठायची आणि उखळाभोवती ओंजळी करून बसायची. गुळाचा खडा मिळाला तर मिळाला, नाही तर नुसताच कोंडा. दोघींनी एकाच वेळी उखळाभोवती नजर फिरवली. तिथं कुणी नव्हतं.

धप्प.

भिंतीपलीकडे खाट करकरली. खोकला. मग काठी, हळूहळू, भिंतीपर्यंत.

"अव," सत्यभामाबाईच्या नवऱ्याचा, जागेश्वरचा, आवाज आला. "घाव दोन आयकू येऊन राहिले. दुसरा कोनाचा व?"

सत्यभामाबाईनं भिंतीकडे पाहिलं. मुसळ उशिरा खाली आलं.

खट्ट.

मुसळावर मुसळ आदळलं. दोघी थांबल्या.

भिंतीपलीकडून मग हसण्यासारखा खोकला, किंवा खोकल्यासारखं हसणं.

"चुकली! धाकटीच होय थे. तिच्याशिवाय कोन चुकते?"

भासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर, विमलाबाई चाळीस वर्षांत कधी बोलली नव्हती. तशी रीतच नव्हती. आजही ती भिंतीकडे वळली नाही. सत्यभामाबाईकडे पाहूनच, पण भिंतीपलीकडे पोचेल अशा आवाजात म्हणाली,

"बाई, सांगा त्यायले. आज मी नाई चुकली. कण्या थोरलीच्या ताटात."

पलीकडे काठी हलली. भिंतीपासून दूर गेली.

"गेले खाटेवर," सत्यभामाबाई म्हणाली आणि मुसळ पुन्हा उचललं.

विमलाबाईनं हात आडवा केला. कान दिला.

काठी खाटेपाशी थांबली नव्हती. फाटकाची कडी वाजली. मग रस्ता. एक पाऊल, काठी. एक पाऊल, काठी. वळणापर्यंत. वळणावरून इकडे.

विमलाबाईनं ओठावरची राख पुसली, पदर डोक्यावर ओढला आणि आतून पाट आणून उखळापाशी ठेवला.